जडावकामाची रेषा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात या सदरात लाकडावरील जडावकामाविषयी, म्हणजे एका फळीत खाच कोरून तिच्यात दुसऱ्या रंगाचे लाकूड, पितळ किंवा शिंपला नेमका बसविण्याविषयी, थोडे लिहिले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख यंत्रावर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने फिरत्या कटरने लाकूड कापणाऱ्या राउटरवर किंवा लेझरवर, नव्हता, यंत्राला द्यावयाच्या चित्रावर होता. फसलेले काम घेऊन जे लोक माझ्याकडे येतात त्यांच्यापैकी फारच थोड्यांचे यंत्र बिघडलेले असते. फाइल मात्र जवळजवळ प्रत्येकाची बिघडलेली असते. म्हणून या वेळी सगळी जागा फाइलला दिली आहे.

प्रश्न : आजीच्या पैठणीच्या पदरावरील बांगडी-मोर मला देव्हाऱ्याच्या सागवानी दारावर हेदाच्या फिकट लाकडात जडवायचा आहे. पदराचे मोबाइलवर छायाचित्र काढून मी ते कोरलड्रॉ या चित्रे काढण्याच्या प्रणालीत आपोआप ट्रेस करून, म्हणजे छायाचित्राच्या कडांवरून रेषा काढून, घेतले. पडद्यावर मोर सुंदर दिसतो. परंतु कडा करवतीसारख्या येतील आणि तीन मिलिमीटरच्या कटरने चोच उरणारच नाही, असे सांगून राउटरवाल्याने फाइल परत केली. चूक कोठे झाली? (एक वाचक, पैठण)

उत्तर : आपला राउटरवाला भला माणूस आहे. दुसऱ्या कोणी फाइल तशीच चालवून फळीचे आणि कापण्याचे पैसे लावले असते.

पहिली अडचण पैठणीच्या विणीतच आहे. पैठणीवरील मोर, मुनिया किंवा कमळ हे रंगीत बाणा हाताने घालून, ताण्याचे धागे मोजून विणलेले असते. त्यामुळे मोराच्या मानेचा जो बाक आपल्याला गोल दिसतो, तो प्रत्यक्षात बारीक पायऱ्यांचा असतो. पदर डोळ्यांजवळ आणून मानेची कड पाहिली, तर दोन धागे उजवीकडे, एक वर, पुन्हा दोन धागे उजवीकडे अशी ती चढत गेलेली दिसेल. हातभर अंतरावरून डोळा या पायऱ्या आपोआप मिटवून टाकतो. ट्रेस करणाऱ्या प्रणालीला धागा आणि मोर यांतला फरक कळत नसल्यामुळे ती प्रत्येक पायरी इमानाने उतरवते, आणि प्रत्येक पायरीसाठी निदान दोन नोड, म्हणजे रेषेला वळण देणारे बिंदू, टाकते. आपल्या फाइलमध्ये मोराच्या मानेवर किती नोड आहेत ते मोजून पाहावे. माझ्याकडे पूर्वी आलेल्या अशाच एका मुनियेच्या पाठीवर साठाहून अधिक नोड होते, आणि ती पाठ हाताने काढली तेव्हा चार पुरले.

म्हणून आपण ट्रेस पुसून टाकावा आणि छायाचित्र खालच्या लेयरवर कुलूपबंद करून त्यावर पेन टूलने मोर नव्याने काढावा, असे मी सुचवीन. नोड फक्त तेथेच द्यावा, जेथे वक्र आपली दिशा बदलतो किंवा जेथे खरोखरच टोक आहे. या कामाला एखादी दुपार जाईल. आपोआप ट्रेस केलेल्या फाइलची सफाई करायलाही तितकाच वेळ जातो, आणि शेवटी हाती आलेली रेषा धड विणकराचीही नसते, धड आपलीही नसते. छायाचित्र नवे घ्यावे हे बरे. पदर टेबलावर सपाट पसरून, सुरकुत्या काढून, सावलीत, बरोबर वरून आणि थोडे लांबून झूम करून टिपावा. फार जवळून टिपल्यास कडेच्या बुट्ट्या फाकतात. शेजारी स्टीलची पट्टी अवश्य ठेवावी. संगणकात ती पट्टी शंभर मिलिमीटर भरेपर्यंत चित्र लहानमोठे केले की माप आपोआप खरे होते.

आता चोचीकडे वळू. कटर हा फिरता गोल आहे, त्यामुळे खाचेच्या आतल्या कोपऱ्यात तो आपल्या त्रिज्येपेक्षा बारीक जाऊ शकत नाही. कटर तीन मिलिमीटरचा असेल तर खाचेचा प्रत्येक आतला कोपरा किमान दीड मिलिमीटर त्रिज्येने गोल होणार. हे बहुतेकांना ठाऊक असते. विसर पडतो तो याच्या उलट बाजूचा : जडवायचा तुकडा बाहेरून कापला जातो, म्हणून त्याची बाहेर आलेली टोके धारदार राहतात, पण आत वळलेल्या बेचक्या, म्हणजे मान आणि छाती जेथे मिळतात तशा जागा, गोल होतात. खाचेत बेचकी धारदार आणि टोक गोल, तुकड्यात टोक धारदार आणि बेचकी गोल. मग एक दुसऱ्यात बसणार कसे? लोक येथे कानशीने घासत बसतात आणि दोष यंत्राला देतात.

यावर एक साधा उपाय आहे, आणि तो फाइलमध्येच करावयाचा आहे. पूर्ण आकाराची कड आधी १.६ मि.मी. आत घ्यावी, मग तेथून ३.२ मि.मी. बाहेर न्यावी, आणि शेवटी पुन्हा १.६ मि.मी. आत आणावी (कड अशी सरकविण्याला ऑफसेट म्हणतात), तिन्ही वेळा ऑफसेटचा कोपरा गोल ठेवावा. कोरलड्रॉमध्ये हे काम काँटूरने होते, आणि प्रत्येक वेळी काँटूर मूळ आकारापासून सुटा करून घ्यावा लागतो. इंकस्केप या तशाच दुसऱ्या प्रणालीत ऑफसेटने होते. या ये-जा करण्याने मोर जागच्या जागी राहतो, परंतु त्याची सगळी टोके आणि सगळ्या बेचक्या १.६ मि.मी. त्रिज्येने गोल होतात. मग हीच एक बाह्यरेषा खाचेसाठी आणि तुकड्यासाठी, दोहोंसाठी वापरावी. कटरची त्रिज्या दीड असताना आकडा १.६ घेण्याचे कारण असे की, त्रिज्या तंतोतंत जुळली तर कटर कोपऱ्यात क्षणभर अडखळतो आणि सागाची ती जागा करपून काळी पडते.

या कृतीचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. आकार १.६ मि.मी. आत घेतला की ३.२ मि.मी.पेक्षा अरुंद असलेले सर्व भाग पडद्यावरून नाहीसे होतात आणि बाहेर आल्यावरही परत येत नाहीत. आपल्या मोराची चोच, पायाची बोटे, तुऱ्याचे देठ हे सगळे त्या क्षणी जाईल. ते पाहून घाबरू नये, कारण जे फळीवर झाले असते ते फाइलमध्येच झाले. आता निर्णय आपला. मोर मोठा करता येईल. चोच मुळात दीड मिलिमीटर असेल तर ती ३.२ व्हायला मोर दुपटीहून मोठा करावा लागतो, आणि दारावर तेवढी जागा असेलच असे नाही. मोराचे माप तेच ठेवून केवळ चोच आणि देठ जाड करता येतील, आणि मी बहुधा हेच करतो, कारण जडावातील मोर हा हातभर अंतरावरून पाहायचा मोर आहे. एक मिलिमीटरचा कटर लावून बारीक भाग वेगळे कापता येतात, मात्र तो कटर नाजूक असतो आणि सागात सावकाश, थोड्या थोड्या खोलीने चालवावा लागतो. साठ अंशांच्या व्ही कटरने केलेल्या जडावात टोके धारदार येतात, परंतु तेथे खाचेची रुंदी आणि खोली एकमेकींना बांधलेली असतात (तीन मिलिमीटर खोलीवर ही रुंदी साधारण ३.४६ मि.मी. होते), तुकडा आरशातल्यासारखा उलटा करून कापावा लागतो आणि सगळी मांडणी निराळी करावी लागते. आणि ज्याच्या हातात पटाशी बसली आहे त्याने खाचेतला गोल कोपरा पटाशीने टोकदार करून तुकड्याची चोच धारदार ठेवली, तर त्याला यांतले काहीच करावे लागत नाही.

बांगडीविषयी एक सूचना. मोर आणि त्याच्याभोवतीची बांगडी एकाच वेळी जडविण्याचा प्रयत्न करू नये. जेथे मोराची शेपटी बांगडीला टेकते तेथे दोन तुकड्यांमध्ये सागाची केसाएवढी भिंत राहते आणि ती हमखास उडते. आधी बांगडी पूर्ण जडवावी, डिंक वाळल्यावर पृष्ठभाग रंध्याने व पॉलिश पेपरने सपाट करावा, आणि मग बांगडीच्या अंगावरूनच मोराची खाच कोरावी. फाइलमध्ये त्यासाठी दोन लेयर आणि दोन्हींना समान असे दोन खुणेचे छिद्र-बिंदू ठेवावेत, म्हणजे फळी यंत्रावरून काढून पुन्हा लावली तरी जागा चुकत नाही.

प्रश्न : आमच्या राउटरवर सरळ रेषेचे काम गुळगुळीत होते, पण वेलबुट्टीच्या वळणावर यंत्र थरथरत, अडखळत चालते आणि कडेवर बारीक ठिपके उमटतात. शिवाय ३०० मि.मी.चे नक्षीचे वर्तुळ एकदा २८१ मि.मी. कापले गेले. दोन्हींचे कारण यंत्रच आहे का? (एक कारागीर, जालना)

उत्तर : बहुधा दोन्हींचे कारण फाइल आहे, पण कारणे दोन निराळी आहेत.

अडखळण्याचा हिशेब करून पाहावा. आपण मिनिटाला ३,००० मि.मी. वेगाने कापत असाल, तर कटर सेकंदाला ५० मि.मी. जातो. ट्रेस केलेली वेल निर्यात करताना तिचे ०.०५ मि.मी. लांबीचे सरळ तुकडे झाले असतील, तर नियंत्रकाला सेकंदाला हजार तुकडे वाचून, प्रत्येकाची दिशा पाहून, मोटारींना हुकूम द्यावे लागतात. लहान राउटरांवर जे नियंत्रक असतात त्यांची धाव तेवढी नसते. मग ते मध्येच थबकतात आणि थबकलेला कटर त्या जागी फिरत राहून ठिपका उमटवतो. उपाय म्हणजे नोड कमी करणे. इंकस्केपमधील सिम्प्लिफाय किंवा कोरलड्रॉमधील नोड कमी करण्याची सोय वापरावी, पण एकदाच आणि हलक्या हाताने, कारण ती दोन-तीनदा लावली की पानांची टोके बोथट होतात आणि वेल वितळल्यासारखी दिसू लागते. आपली कॅम प्रणाली, म्हणजे चित्रावरून यंत्राचे हुकूम तयार करणारी प्रणाली, वक्र भाग वर्तुळकंस म्हणून लिहू शकत असेल तर तो पर्याय सुरू करावा. शेकडो तुकड्यांच्या जागी जी-कोडच्या, म्हणजे त्या हुकमांच्या भाषेच्या, दोन-चार ओळी येतात आणि यंत्राचा आवाजच बदलतो. त्याच वेळी केवळ रेषा दाखविणाऱ्या वायरफ्रेम दृश्यात जाऊन एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा शोधाव्यात. एकच पान दोनदा कापले जात असेल तर पडद्यावर ते कळत नाही, फळीवर कळते.

२८१ या आकड्याने मला माझेच एक जुने दुःख आठवले. इंकस्केपची जुनी आवृत्ती एका इंचात ९० बिंदू मानत असे, ०.९२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, ती ९६ मानू लागली. ९० च्या हिशेबाने ३०० मि.मी. असलेले चित्र ९६ च्या हिशेबाने उघडले की २८१.२५ मि.मी. होते. माझ्या हातून या एका आकड्यापायी शिसवाची फळी वाया गेली होती, आणि ती गिऱ्हाइकाची होती. नव्या आवृत्तीत अशी जुनी फाइल उघडताना प्रणाली त्याविषयी विचारते. घाईने ठीक आहे म्हणून पुढे जाऊ नये. काही प्रणाली ७२ बिंदू धरतात, तेव्हा ३०० चे ४०० होतात. डीएक्सएफ (चित्र एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचा एक प्रकार) फाइलमध्ये माप मिलिमीटरमध्ये आहे की इंचांत हे उघडणाऱ्याला नीट कळले नाही, तर चूक थेट २५.४ पटींची होते. ती निदान लगेच दिसते तरी. प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात नेमका १०० मि.मी.चा एक चौकोन काढून ठेवावा आणि कॅममध्ये उघडल्यावर सर्वांत आधी तो मोजावा. टूलपाथ, म्हणजे कटरचा मार्ग, करताना तो वगळायचा, एवढे लक्षात ठेवावे.

प्रश्न : नव्या घरासाठी सागाच्या फळीत पितळी अक्षरांत ‘मातृछाया’ जडवायचे आहे. फाइल यंत्रावर टाकली की अक्षरांच्या मधूनच आडव्या-उभ्या रेषा कापल्या जातील असे दाखविते. फॉन्ट दोनदा बदलून पाहिला. (एक वाचक, लातूर)

उत्तर : फॉन्टचा दोष नाही; देवनागरीचा स्वभावच असा आहे. इंग्रजी अक्षरे एकमेकांपासून सुटी असतात. आपली अक्षरे शिरोरेषेने जोडलेली दिसतात, परंतु फॉन्टच्या आत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असून ती शेजारच्या शिरोरेषेवर थोडी चढविलेली असते. काना, वेलांटी, ऋकार यांचेही तसेच. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांमध्ये तर अर्धे अक्षर आणि काना मिळून पूर्ण अक्षर होते, म्हणजे आणखी एक सांधा. छपाईत काळ्यावर काळे पडते, म्हणून कोणाला काही दिसत नाही. यंत्र मात्र प्रत्येक तुकड्याची पूर्ण कड कापायला निघते, आणि मग म आणि काना जेथे एकमेकांवर चढले आहेत तेथे ती आडवी-उभी रेषा दिसते.

आधी अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे साध्या रेषांमध्ये, बदलावीत, मग सर्व तुकडे निवडून वेल्ड करावेत, म्हणजे त्यांचा एकच सलग आकार होतो. इंकस्केपमध्ये यालाच युनियन म्हणतात. नुसते ग्रुप किंवा कंबाइन करून चालत नाही, कंबाइन केल्यावर चढलेल्या जागी उलट भोके पडतात. वेल्ड झाल्यावर शिरोरेषा पूर्ण वाढवून नीट पाहावी. दोन शिरोरेषांमध्ये कधीकधी ०.०२ मि.मी.ची फट राहून गेलेली असते, आणि ती वेल्डने भरत नाही. अशा वेळी संपूर्ण शब्द ०.१ मि.मी. बाहेर न्यावा, वेल्ड करावा आणि पुन्हा ०.१ मि.मी. आत आणावा, फट मिटते आणि अक्षराच्या जाडीत फरक पडत नाही. पैठणच्या वाचकाला वर जी ये-जा सुचविली, तिचेच हे लहान रूप आहे.

अक्षराच्या पोटातील मोकळी जागा, उदाहरणार्थ म च्या गाठीतील भोक, ही खाच कोरताना सागाच्या बारीक खुंटीसारखी उभी राहते. ती खुंटी तीन-चार मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर कटरच्या धक्क्याने, विशेषतः दाण्याच्या (लाकडाच्या तंतूंच्या) आडव्या दिशेने, तुटते. म्हणून अक्षर निदान चाळीस-पन्नास मिलिमीटर उंचीचे असावे आणि फॉन्ट मोकळ्या पोटाचा, बोथट टोकांचा निवडावा. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या गटाने केलेल्या खुल्या फॉन्टांपैकी बालू हा त्या दृष्टीने सोयीचा आहे, कारण त्याची टोके मुळातच गोल आहेत, सुलेखनाच्या वळणाची, निमुळत्या शेपटांची अक्षरे पितळात करण्याचा मोह आवरावा. पितळी पत्रा राउटरवर कापायचा असेल तर एक धारेचा बारीक कटर, फार थोडी खोली आणि डोळ्यांवर चष्मा या तिन्हींची गरज असते. पितळेचे कण सुईसारखे उडतात. अक्षरे फायबर लेझरवर कापून घेणे सोपे पडते, आणि तशी यंत्रे संभाजीनगरजवळ वाळूज व चिकलठाणा भागात पत्र्याचे काम करणाऱ्यांकडे आहेत. लाकूड कापणाऱ्या साध्या सीओटू लेझरने पितळ कापले जात नाही. नावात अनुस्वार असता तर तो कापून घेऊ नका असे सांगितले असते. त्या मापाची पितळी सळई घेऊन, ड्रिलने छिद्र पाडून, तुकडा ठोकून बसविला की झाले.

एक सूचना विषयाबाहेरची वाटेल. संधीच्या नियमाने हा शब्द ‘मातृच्छाया’ असा होतो. च्छ हे जोडाक्षर दाट आहे आणि त्यासाठी अक्षर आणखी मोठे घ्यावे लागेल हे खरे. पण कागदावरचे खोडता येते, सागात जडविलेले पितळ खोडता येत नाही, तेव्हा फाइल करण्यापूर्वीच घरातल्या मंडळींना विचारून घ्यावे.

प्रश्न : लेझरवर खाच आणि तुकडा एकाच रेषेवरून कापतो, तरी तुकडा खाचेत खुळखुळतो. तुकडा अंदाजाने थोडा मोठा केला तर कधी बसतच नाही. नेमका किती मोठा करावा? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : लेझरची रेषा पडद्यावर शून्य जाडीची असली तरी लाकडात तिला जाडी असते, किरणाच्या उष्णतेने तेवढे लाकूड जळून जाते. तिला कर्फ म्हणतात. समजा कर्फ ०.२ मि.मी. आहे. वीस मिलिमीटरचे वर्तुळ रेषेवरूनच कापले, तर प्रत्येक बाजूला ०.१ जाऊन भोक २०.२ होते आणि तुकडा १९.८ होतो, व्यासात ०.४ मि.मी.चा फरक पडल्यावर तो खुळखुळणारच. तुकड्याची रेषा प्रत्येक बाजूने पूर्ण कर्फएवढी, म्हणजे ०.२ मि.मी., बाहेर घेतली की तुकडाही २०.२ भरतो.

मात्र माझा आकडा आपल्या कामाला लागू पडेल असे समजू नये. कर्फ हा भिंगावर, फोकसवर, वेगावर आणि लाकडाच्या घनतेवर अवलंबून असतो, आणि सागाचा कर्फ एमडीएफला (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला) चालत नाही. ज्या लाकडात काम करायचे त्याच लाकडाच्या पट्टीतून वीस मिलिमीटरचे दहा सुटे चौकोन कापावेत आणि एकमेकांना चिकटवून एकत्र मोजावेत. १९८ मि.मी. भरले तर कर्फ ०.२ आहे. एकच चौकोन मोजण्यापेक्षा दहा मोजल्याने व्हर्नियर धरण्यातील चूक दहा भागांत वाटली जाते. मग एकाच तुकड्यासाठी पाच भोके, प्रत्येक मागील भोकापेक्षा प्रत्येक बाजूने ०.०५ ने मोठे, अशी एक चाचणीपट्टी कापावी आणि तुकडा अंगठ्याच्या दाबाने जेथे बसेल तो आकडा पट्टीवरच पेन्सिलीने लिहून ती भिंतीला टांगावी. डिंकाला थोडी जागा लागते, हे निवडताना ध्यानात ठेवावे.

आरपार कापलेल्या खाचेसाठी आणखी एक गोष्ट कामाची आहे. लेझरचा काप वर रुंद आणि खाली अरुंद असतो. त्यामुळे भोक वरून मोठे, तर तुकडा वरून लहान असतो, आणि तुकडा सुलटा बसविला की त्याचे रुंद बूड भोकाच्या अरुंद बुडाशी अडते व वर फट दिसते. तुकड्याचे चित्र आरशातल्याप्रमाणे उलटे करून कापावे आणि तुकडा पालथा बसवावा; मग तो बाटलीच्या बुचासारखा घट्ट रुततो. कडेची काजळी हेदासारख्या फिकट लाकडाभोवती काळ्या रेघेसारखी दिसते. काहींना ती आवडते, मला नाही.

आपल्याकडच्या हवेचाही विचार करावा. मराठवाड्यातील मे महिन्याच्या कोरड्या उन्हात घट्ट बसविलेला तुकडा जुलैत फुगतो आणि कधी उचलला जातो. लाकूड दाण्याच्या आडव्या दिशेने फुगते-आटते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून फाइलमध्ये तुकडे फळीवर मांडताना, लाकूड वाचविण्यासाठी ते हवे तसे फिरवू नयेत; तुकड्याचा दाणा आणि खाचेचा दाणा एकाच दिशेला राहील अशीच मांडणी ठेवावी. तुकडे आपोआप मांडणारी प्रणाली वापरत असाल तर तिचे फिरविण्याचे स्वातंत्र्य बंद करावे.

प्रश्न : बीबी का मकबरा येथील जाळीचे छायाचित्र घेतले आहे. ते ट्रेस करून टेबलाच्या काठावर पट्टी जडविता येईल का? (एक विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : छायाचित्र संदर्भाला ठेवावे, ट्रेस करू नये. पैठणीच्या बाबतीत विणीने वक्राच्या पायऱ्या केल्या होत्या. येथे मूळ रचना कंपास आणि पट्टीची आहे, आणि छायाचित्राने तिचे कोन बिघडविले आहेत. ट्रेस केलेल्या जाळीत प्रत्येक षट्कोन शेजारच्यापेक्षा किंचित वेगळा येतो, आणि पट्टीचे दहावे आवर्तन होईपर्यंत ती किंचित चूक बोटभर होते. छायाचित्रावरून एवढेच ठरवावे की कोणता भाग पुन्हा पुन्हा येतो. तो एकच घटक मापाने, ६० अंशांचे कोन आकडा टाकून, काढावा. त्याचाही अर्धाच काढून आरशाने दुसरा अर्धा मिळवावा आणि मग प्रती पुढे सरकवाव्यात. टेबलाच्या काठाची लांबी आधी मोजून तिला पूर्ण आवर्तनांनी भागावे, नाही तर कोपऱ्यात अर्धा तारा येतो. जाळीच्या काड्यांना जाडी देताना केवळ रेषेची जाडी वाढवून थांबू नये. यंत्र रेषेची जाडी पाहत नाही, तिचा मध्य पाहते. म्हणून जाड रेषेचे रूपांतर बंद आकारात करून मग सर्व काड्या वेल्ड कराव्यात.

प्रश्न : शिंपल्याचे तुकडे राउटरवर कापता येतात का, आणि त्यासाठी फाइल वेगळी लागते का? (एक वाचक, धाराशिव)

उत्तर : कापता येतात. फाइल वर सांगितली तशीच करावी, कटर मात्र एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असल्यामुळे ये-जा करण्याचे आकडे त्या प्रमाणात कमी घ्यावेत. शिंपला ठिसूळ असतो, म्हणून आकारात सुईसारखी टोके ठेवू नयेत, आणि प्रत्येक तुकडा पूर्ण न सोडविता दोन बारीक टॅबांनी, म्हणजे न कापलेल्या दुव्यांनी, शिंपल्याच्या पत्रीला धरून ठेवावा. टॅब सरळ कडेवर द्यावेत, वळणावर दिल्यास काढताना कपची उडते. शिंपल्याची पूड फुफ्फुसाला घातक असते. कोरडे कापू नये, पाण्याच्या थेंबाखाली कापावे, चांगला मास्क लावावा, आणि शेवटी ओली पूड वाळण्यापूर्वीच फडक्याने पुसून घ्यावी, झाडूने झटकू नये.